मंडळीतले मतभेद आणि आपली जीभ (बाप्तिस्म्यावरून मैत्रीण दुरावली आहे)

सांजवात | मंगळवार, रात्री १०:५०

सर्वांना सलाम.

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. घरात बोलून झालं, पाळकसाहेबांशी बोलून झालं, तरी मनातून जात नाही, म्हणून आज इथे लिहिते.

मी पुण्यात कॅम्पातल्या एका मराठी मंडळीची सभासद. तिथेच वाढले, लग्नही तिथेच झालं, आणि गेली चौदा वर्षं रविवारच्या शाळेत शिकवते. माझी एक मैत्रीण आहे. सातवीत असल्यापासून आम्ही गायकवृंदात शेजारी उभ्या राहतो. ती सेकंड गाते, मी तिच्या आवाजाच्या आधाराने. माझं पहिलं बाळ गेलं तेव्हा दवाखान्याच्या बाकावर रात्रभर माझा हात धरून बसलेली तीच होती. तिच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून मी उभी राहिले. बाळाच्या वतीने वचन मी दिलं.

ती मुलगी आता वीस वर्षांची आहे. कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर ती खराडीकडच्या एका फेलोशिपला (स्वतंत्र प्रार्थना-मंडळीला) जाऊ लागली आणि दोन महिन्यांपूर्वी तिने तिथे पाण्यात बुडून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. मैत्रिणीने त्याचा फोटो मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. ग्रुपमध्ये दीडशेच्या वर माणसं आहेत.

मी रात्री लिहिलं, "एक प्रभू, एक विश्वास, एक बाप्तिस्मा असं पौल लिहितो. मग हा दुसरा कुठला?" इथवर ठीक होतं असं मला अजून वाटतं. पण त्यावर अंगठे यायला लागले. एक, चार, नऊ. प्रत्येक अंगठ्याबरोबर मला जोर चढत गेला, हे आज स्पष्ट दिसतं. पाच मिनिटांत मी दुसरं वाक्य लिहिलं: "घरात आईनेच नीट शिकवलं नाही, तर मुली वाट चुकणारच."

मैत्रिणीने उत्तरादाखल एकच शब्द लिहिला, "सलाम". आणि ग्रुप सोडला. तेव्हापासून सात रविवार झाले, ती चर्चला आलेली नाही.

पाळकसाहेब म्हणतात, वेळ जाऊ द्या. नवरा म्हणतो, तू खोटं काय बोललीस? माझं मत बदललेलं नाही, दुसरा बाप्तिस्मा चूक आहे असंच मी मानते. प्रश्न असा आहे की जे मत खरं मानते ते सांगताना मला स्वतःला का आवरता आलं नाही? याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय मी मुलांकडून पाठ करून घेते. घोड्याच्या तोंडातला लगाम, तारवाचं लहानसं सुकाणू, रान पेटवणारी ठिणगी, सगळं. म्हणून वचनं सांगू नका, ती मला येतात. तुम्ही प्रत्यक्षात काय करता ते सांगा.

---

मोरपीस | मंगळवार, रात्री ११:३२

ताई, अंगठ्यांचं जे लिहिलंत ते वाचून पोटात खड्डा पडला. मीही असंच बोलले आहे, फक्त तो ग्रुप सासरच्यांचा होता. उद्या सविस्तर लिहिते.

---

पंचहौदजवळचा | बुधवार, सकाळी ७:१५

सांजवात, सलाम. माझं वय ७४. गुरुवार पेठेत राहतो. आमच्या पवित्र नाम देवालयाच्या मनोऱ्यातल्या घंटा ऐकत वाढलो, त्यामुळे माझं बोलणं थोडं जुन्या वळणाचं वाटेल.

आधी तुमच्या प्रश्नातल्या पाण्याबद्दल. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी झाली. त्यात अँग्लिकन होते, बाळांना बाप्तिस्मा देणारे. बॅप्टिस्ट आणि ब्रदरन होते, मोठेपणी विश्वास कबूल केल्यावर बुडवून देणारे. एकमेकांचं चूक आहे असं ठामपणे मानणारी ही माणसं. बोलणी सुरू झाली १९२९ ला. एकेचाळीस वर्षं ती चालली! शेवटी दोन्ही रीती मंडळीत राहतील असं ठरलं. माझे वडील त्या काळात पास्टोरेट कमिटीवर, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीवर होते. चर्चेहून घरी आले की जेवणाआधी बराच वेळ ओट्यावर एकटे बसायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आज जे बोललो नाही, ते इथे बसून जिरवतोय."

तेव्हा आपण ज्या मंडळीत बसतो तिचा पायाच या मतभेदावर घातलेला आहे. दोन्ही बाजूंच्या माणसांनी गिळलेल्या शब्दांवर ती उभी आहे. पुन्हा बाप्तिस्मा घेणं हा निराळा मुद्दा, तिथे मी तुमच्याच बाजूचा. एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा होत नाही.

दुसरी गोष्ट आमच्या आवारातली. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला शहरातली मोठी मंडळी आली होती, न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक. चहा-बिस्किटं आली. कोणी प्याले, कोणी कपाला हात लावून खाली ठेवला. एका खोलीतला चहा, तिथेच संपला असता. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं छापवून आणली आणि त्या चहाचं ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचं प्रकरण झालं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. ते ख्रिस्ती लोकांचं भांडण नव्हतं, पण पुण्याच्या माणसाने त्यातून एक ओळखावं. चारचौघांत मांडलं की प्रत्येकाला आपली बाजू जाहीर करावी लागते, आणि जाहीर केलेली बाजू मागे घेणं फार जड जातं. तुमचं पहिलं वाक्य तुम्ही मैत्रिणीला तिच्या स्वयंपाकघरात म्हटलं असतंत, तर दुसरं तोंडातून निघालंच नसतं, असं मला वाटतं. तिथे अंगठे दाखवायला कोण असतं?

---

खडकीची लेक | बुधवार, दुपारी १:०४

मी दुसऱ्या बाजूची. मीही बाळपणी शिंपडलेली आणि बावीसाव्या वर्षी बुडवलेली आहे, तेव्हा मी काय म्हणते ते ऐकून घ्याल अशी आशा आहे.

आम्हाला 'डुबकीवाले' म्हणतात. आमच्यातले काही जण तुम्हाला 'शिंपडेवाले' म्हणतात, आणि मीही म्हटलेलं आहे. दोन्ही शब्द घरात जेवताना सहज बोलले जातात आणि मग मुलं तेच शिकतात.

मी पाण्यात उतरले ती आईवडिलांचं पुसायला उतरले नव्हते. मला स्वतःच्या तोंडाने हो म्हणायचं होतं. दृढीकरणाच्या (बाळपणीच्या बाप्तिस्म्याचं वचन मोठेपणी स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या) वेळी पंधरा वर्षांची होते, सगळ्या वर्गाबरोबर पांढरा ड्रेस घालून उभी राहिले, काय बोलले ते आठवतही नाही. तुम्हाला हे पटणार नाही, पटावं असा आग्रहही नाही. पण त्या मुलीला हे कोणी विचारलं होतं का?

आता माझं. पाण्यातून बाहेर आले त्याच आठवड्यात मी माझ्या आजीला म्हणाले, "तुझा बाप्तिस्मा खरा नाही, तू तारलेली नाहीस." आजी तेव्हा एक्याऐंशी वर्षांची होती. गुडघे दुखत असूनही रोज पहाटे खाली बसून प्रार्थना करणारी. ती काही बोलली नाही. मटार सोलत होती, सोलत राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाणी प्यायला उठले तर ती प्रार्थनेत माझं नाव घेत होती. देवाचे आभार मानत होती, की माझ्या नातीला तू जवळ घेतलंस.

तिच्याजवळ उत्तर नव्हतं असं कोणी समजू नये. बायबल तिला माझ्यापेक्षा दहापट ठाऊक होतं. ती चार महिन्यांनी गेली. माफी मागायला मला वेळ होता, पण मी मागितली नाही, कारण माझं मत बरोबर आहे असं मला वाटत होतं आणि बरोबर असलेल्या माणसाने माफी कशाची मागायची, असं मी मानत होते. सांजवातताई, तुमच्या नवऱ्याचं वाक्य वाचलं तेव्हा हेच आठवलं. "खोटं काय बोललीस?"

तुमच्याकडे अजून वेळ आहे.

---

करारी | बुधवार, संध्याकाळी ६:४०

सगळे हळवे झालेले दिसतात. मग सत्याचं काय करायचं? अंत्युखियात पेत्र विदेश्यांबरोबरच्या, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबरच्या जेवणातून मागे सरला, तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमक्ष तोंडावर सुनावलं. गलतीकरांस पत्र, दुसरा अध्याय. एकांतात नेऊन गोड बोलला नाही. आजच्या मंडळीत कोणालाच काही बोलायचं नाही, म्हणून कोणीही कुठेही जाऊन काहीही करतं. संयम संयम म्हणत भित्रेपणा पोसायचा का? आणि डुबकी घेऊन आजीला नरकात पाठवणाऱ्यांनी इथे आम्हाला शिकवू नये.

(शेवटचं वाक्य मागे घेतो. खडकीची लेक, तुम्ही मनातली जखम उघडून सांगितलीत आणि मी तिच्यावरच बोट ठेवलं. क्षमा करा. वाक्य पुसत नाही, लोकांना दिसू द्या. बाकीचं म्हणणं कायम. - संपादित, ७:२५)

---

खडकीची लेक | बुधवार, रात्री ८:१०

क्षमा आहे, दादा. पुसलं नाहीत हे बरं केलंत.

---

तिसरं वर्ष | बुधवार, रात्री ९:४८

करारीदादांचा मुद्दा बाजूला सारण्यासारखा नाही. मी बिबवेवाडीला सेमिनरीत शिकतो. आमच्याकडे मणिपूरपासून केरळपर्यंतचे विद्यार्थी, मंडळ्या तर मोजता येणार नाहीत. मेसच्या टेबलावर रोज असं काही ना काही निघतं, त्यामुळे यावर विचार करणं भागच पडतं.

पौल पेत्राला बोलला तेव्हा पेत्र समोर होता, उलट बोलू शकत होता. पेत्राची चूक सर्वांदेखत घडली होती आणि तिच्यामुळे विदेशी विश्वासणाऱ्यांना पंगतीतून उठवल्यासारखं झालं होतं. ज्यांच्यावर अन्याय झाला ते तिथेच बसलेले. म्हणून सर्वांसमक्ष. आणि पौल बोलला ते पेत्राने केलेल्या गोष्टीबद्दल. तुझ्या बायकोने, तुझ्या आईने तुला असंच वळण लावलं, असं तो म्हणाला नाही. सांजवातताईंचं पहिलं वाक्य या जातीचं आहे. दुसरं वाक्य एका आईबद्दल आहे, आणि त्याला बाप्तिस्म्याच्या शिकवणीशी काही देणंघेणं नाही.

तोच पौल बर्णबाशी मार्कावरून इतका भांडला की दोघे वेगळ्या वाटांनी गेले. प्रेषितांची कृत्ये लिहिणाऱ्याने ते झाकलेलं नाही. पुढे तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना पौल म्हणतो, मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. मधल्या वर्षांत काय झालं ते लिहिलेलं नाही. मला वाटतं, मार्कावर लावलेला कायमचा शिक्का पौलाने कधीतरी पुसला असणार.

एक शब्द सांगून थांबतो. गलतीकरांस पत्रातली आत्म्याच्या फळाची यादी आपल्या मराठी बायबलात 'इंद्रियदमन' या शब्दाने संपते. लहानपणी मला वाटायचं हा दारू-सिगारेटचा विषय. पण आपल्या भाषेत वाणी हेही इंद्रियच आहे, कर्मेंद्रियांत तिचं नाव पहिलं येतं. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. याच अध्यायात थोडं आधी पौल म्हणतो की एकमेकांना चावून खाल तर एकमेकांच्या हातून संपाल. यादी वाचायची ती या वाक्यानंतर.

---

रविवारउजेड | गुरुवार, सकाळी १०:२०

मला एक वेगळंच सांगायचंय, आणि ते कोणाला आवडेल की नाही माहीत नाही.

आमच्या मंडळीत दोन वर्षांपूर्वी मी वार्षिक सभेत हिशेब विचारले. छताच्या दुरुस्तीसाठी वर्गणी गोळा झाली होती, छत तसंच गळत होतं. आवाज चढवला नाही, कोणावर आरोप केला नाही, पावत्या दाखवा एवढंच म्हटलं. त्यावर एक वडीलधारे उभे राहिले आणि म्हणाले, "बहिणी, जीभ आवरायला शिका. याकोब तीन वाचा." सभेत माना डोलल्या. मी खाली बसले.

तेव्हापासून 'जिभेवर ताबा' हे शब्द कानावर आले की अंगावर काटा येतो. कारण हा उपदेश नेहमी खालच्या माणसाला होतो. बायकांना, तरुणांना, नव्याने आलेल्यांना. वरच्या माणसाने खुर्चीतून काहीही बोललेलं 'वडीलकीचा शब्द' असतं.

गप्प बसणं म्हणजे संयम, हे मला मान्य नाही. एकोणचाळिसाव्या स्तोत्रात स्तोत्रकर्ता म्हणतो, मी मुका राहिलो, चांगलंही बोललो नाही, आणि माझं दुःख वाढलं, आत अग्नी पेटला. माझं तसंच झालं. सहा महिने मी प्रभुभोजनाला गेले नाही. शेवटी बसून एक पत्र लिहिलं. तीन वेळा फाडलं. चौथ्यांदा लिहिलेल्या पत्रात फक्त रक्कम, तारीख आणि प्रश्न ठेवला, विशेषणं सगळी काढून टाकली. सही करून कमिटीला दिलं. पावत्या मिळाल्या. सगळ्या नाही, पण मिळाल्या.

म्हणून सांजवातताई, तुम्ही आता उलट्या टोकाला जाऊन तोंडाला कुलूप लावू नका.

---

सांजवात | गुरुवार, रात्री ९:३०

सर्वांचं वाचते आहे, काही दोनदोनदा. रविवारउजेड, तुमचं पत्र मनात राहिलं. विशेषणं काढली की काय उरतं ते पाहावं, हे मला कधी सुचलं नव्हतं. माझ्या दुसऱ्या वाक्यातलं 'आईनेच' आणि 'नीट' काढलं, तर काहीच उरत नाही.

खडकीची लेक, तुमच्या आजींवर काल रात्री बराच वेळ विचार केला. नाही, त्या मुलीला मी विचारलं नव्हतं.

---

निवृत्त बाई | शुक्रवार, दुपारी ३:५५

मी शिक्षिका होते, इतिहास शिकवायचे. पंचहौदाचा विषय निघालाच आहे, तर त्याच्याशी जोडलेली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण या विषयावर आपल्या मातीत इतकं भरीव दुसरं काही मला माहीत नाही.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या पुण्यात काम करणाऱ्या, इंग्लंडमधल्या वाँटेजच्या अँग्लिकन मठातल्या सिस्टरांच्या ओळखीने. त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेजला त्यांचा आणि त्यांच्या छोट्या मुलीचा, मनोरमाचा, बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन स्वतःला त्यांच्या आध्यात्मिक आईच्या जागी मानत. पुढची काही वर्षं दोघींत पत्रांतून जो वाद झाला, तो वाचताना आजही घाम फुटतो. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा एकच देव), मंडळीच्या विश्वासांगीकाराचे शब्द, बिशपांचा अधिकार, मनोरमाला कोणी काय शिकवायचं. रमाबाई म्हणत, मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे, पण पाळकाच्या किंवा बिशपाच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द मानायला बांधलेली नाही. सिस्टर त्यांना गर्विष्ठ म्हणत. क्रुसावर लॅटिन अक्षरं होती, त्याजागी संस्कृत का नको, असाही रमाबाईंचा प्रश्न होता. लॅटिन त्यांच्या लोकांना कळत नव्हतं, आणि देवाला कुठली एकच भाषा आवडते असं त्या मानायला तयार नव्हत्या.

त्यातही मला सगळ्यात लागलेली गोष्ट ताटातली आहे. रमाबाई शाकाहारी राहिल्या, आणि सिस्टरांना तो जुन्या अभिमानाचा अवशेष वाटे. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय काढून पाहा. विश्वासात दुर्बळ म्हणून ज्याचं उदाहरण पौल देतो, तो भाजीपाला खाणाराच आहे! खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये, दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण, असं पौल विचारतो. अठराशे वर्षांनी तोच वाद, त्याच भाजीवरून, दोन प्रार्थना करणाऱ्या बायांमध्ये.

रमाबाईंचा सूर दर वेळी मऊ असतो असं अजिबात नाही. काही पत्रं धारदार आहेत. पण त्यांच्यात मला तीन गोष्टी दिसतात. जेराल्डिनबाईंबद्दल जे म्हणायचं ते त्या थेट त्यांना लिहितात. समोरचीचा मुद्दा आधी तिच्याच शब्दांत मांडतात, मग खोडतात. आणि इतकं सगळं होत असताना मायन्यात 'आजीबाई' लिहितात, घरच्या वडीलधारीला लिहावं तसं. बाप्तिस्म्यावरून, त्रैक्यावरून भांडायचं आणि वर आजीबाई म्हणायचं!

आणि सिस्टर जेराल्डिन? त्यांनी ही पत्रं फाडली नाहीत, जपून ठेवली. स्वतःला जिथे कमीपणा येतो तीसुद्धा. म्हणूनच १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाला ती छापता आली आणि माझ्यासारखीला वाचता आली. ज्या बाईने आपल्याला खोडून काढलं तिची अक्षरं जपून ठेवणं, हाही संयमच की.

वर्गात मी मुलींना एक नियम लावला होता. वादविवादात उभी राहणारी मुलगी आधी समोरचीचं म्हणणं सांगेल, आणि समोरची "हो, हेच म्हणते मी" म्हणेपर्यंत स्वतःचं सुरू करणार नाही. पहिल्या महिन्यात अर्धे वाद इथेच संपायचे.

---

वडगावशेरीकर | शुक्रवार, रात्री १०:१२

जय ख्रिस्त. मी कॅथलिक. आमच्याकडे बाप्तिस्मा दुसऱ्यांदा होत नाही, त्यामुळे त्या मुद्द्यावर सांजवातताईंशी जुळतं. पाणी आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला तुमच्या मंडळीतला बाप्तिस्माही आमचं चर्च मानतं.

मला प्रत्यक्षातलं काय ते सांगायचंय. माझा राग मोठा. मोठ्या भावाशी घरातल्या प्रार्थनेच्या पद्धतीवरून (तो करिश्माई गटात जातो, मी जपमाळवाला) कडाक्याची भांडणं व्हायची. मी कन्फेशनला जाऊन सांगायचो, "फादर, भावाशी रागाने बोललो." दर महिन्याला तेच. एकदा एका म्हाताऱ्या फादरनी विचारलं, "काय शब्द बोललात?" मी म्हटलं, असंच, रागाचे. ते म्हणाले, "नाही. शब्द सांगा." मला ते वाक्य मोठ्याने उच्चारता येईना. देवासमोर, शांतपणे, तेच शब्द. घसा दाटून आला. 'रागाने बोललो' हे झाकण होतं, आणि इतकी वर्षं मी झाकणाचीच कबुली देत होतो.

आता तोंड उघडण्याआधी मनात एकच विचार येतो, हे वाक्य शनिवारी जाळीपलीकडे जसंच्या तसं म्हणता येईल का? नेहमी आठवतं असं नाही. पण आठवतं तेव्हा पुरतं.

---

मोरपीस | शनिवार, सकाळी ८:३७

उद्या लिहिते म्हटलं आणि तीन दिवस गेले. मला फार लांब लिहिता येत नाही. मी एवढंच करते: ग्रुपवर लिहायचं ते आधी वहीत लिहिते, पेनने. हाताने लिहायला वेळ लागतो, तेवढ्यात राग थोडा बसतो. दहातली आठ वाक्यं वहीतच राहतात.

---

तिसरं वर्ष | शनिवार, दुपारी १२:१५

निवृत्त बाईंचं वाचून एक आठवलं. जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफिल्ड, अठराव्या शतकातले इंग्लंडचे उपदेशक, दोघे जिवाभावाचे मित्र. पूर्वनिवडीच्या (कोण तारला जाणार हे देवाने आधीच ठरवलंय या) शिकवणीवरून वेस्लींनी १७३९ मध्ये विरोधी उपदेश केला आणि तो छापला. छापू नका म्हणून व्हाइटफिल्डनी पत्रं लिहिली होती. मग त्यांनीही उत्तर छापलं. त्यांच्या मागचे लोक दोन तट पाडून बसले. मत दोघांचंही शेवटपर्यंत बदललं नाही. पण १७७० मध्ये व्हाइटफिल्ड वारले तेव्हा लंडनमध्ये त्यांच्या स्मरणार्थ उपदेश करायला वेस्ली उभे राहिले, आणि तशी इच्छा व्हाइटफिल्ड यांनीच सांगून ठेवली होती. छापण्याआधी आणि छापल्यानंतर, हा फरक त्यांच्याकडेही होताच.

---

करारी | शनिवार, दुपारी २:००

हे पटलं. मत सोडलं नाही आणि माणूसही सोडला नाही.

---

सांजवात | सोमवार, रात्री ११:२०

काल उपासनेनंतर मी मैत्रिणीच्या घरी गेले. फोन करून गेले नाही, केला असता तर तिने नको म्हटलं असतं. हातात काही नेलं नव्हतं. क्वार्टर गेटपासून चालत गेले. वाटेत तेच दुसरं वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं, वडगावशेरीकर यांनी सांगितलं तसं. रस्त्यावर माणसं होती म्हणून हळू आवाजात. फार वाईट वाटलं.

तिने दार उघडलं, आत ये म्हणाली, पण बस म्हणाली नाही. मी उभ्यानेच सांगितलं, "मी लिहिलं होतं की घरात आईनेच नीट शिकवलं नाही. ते मी अंगठे बघून लिहिलं. ते खोटं होतं." माझं मत वगैरे काही काढलं नाही.

मग ती जे बोलली ते मला अपेक्षित नव्हतं. ती म्हणाली, "तुला ठाऊक आहे, त्या दिवशी सकाळी मी किती रडले होते? तिने पुन्हा घेऊ नये म्हणून दोन महिने मी तिला समजावत होते. तुझंच म्हणणं मी घरात मांडत होते. तिने ऐकलं नाही. मग मी गेले आणि काठावर टॉवेल घेऊन उभी राहिले, कारण ती माझी मुलगी आहे. फोटो टाकला तो याचसाठी, की उद्या कुणी मागून कुजबुजू नये."

ऐकून घेण्याआधी उत्तर देतो तो मूर्ख, असं नीतिसूत्रांत आहे. अठरावा अध्याय. मुलांच्या वहीत मी लाल शाईने लिहून दिलेलं आहे. ती माझ्याच बाजूची होती आणि मी तिच्यावरच दगड टाकला. एक प्रश्न विचारला असता, एक फोन केला असता, तर कळलं असतं.

मी रडले, ती रडली नाही. ती म्हणाली, "दीडशे माणसांत बोललीस. इथे दोघींत माफी मागून काय होणार?" बरोबर होतं. तिथेच बसून, आधी तिच्या किराणाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं (मोरपीस, तुमच्यामुळे) आणि मग ग्रुपवर टाकलं. तीन ओळी. माझं ते वाक्य जसंच्या तसं, ते खोटं होतं आणि मी ते माहिती न घेता लिहिलं एवढं, आणि क्षमा. बाप्तिस्म्याबद्दल एक अक्षर नाही. तिला वाचायला दिलं, तिने एक 'पण' खोडायला लावला.

दुसऱ्या वाक्याला सव्वीस अंगठे होते. माफीला आत्तापर्यंत पाच आहेत. एका काकांनी खाली लिहिलंय, "सत्य बोलल्याबद्दल माफी कशाला?" त्यांना मी ग्रुपवर उत्तर दिलेलं नाही, गुरुवारच्या प्रार्थनासभेत भेटतील तेव्हा बोलेन.

मैत्रीण ग्रुपवर परत आलेली नाही. येईल की नाही, विचारलं नाही. गायकवृंदाचा नाताळचा सराव पुढच्या शनिवारी सुरू होतोय हे तिला माहीत आहे.

निघताना मुलगी बाहेरून आली. मला बघून दारातच थबकली. मी तिला विचारलं, "तुला का घ्यावासा वाटला, सांगशील? मी मध्ये बोलणार नाही." तिने पाऊण तास सांगितलं. मी बोलले नाही. दोनदा तोंडाशी आलं होतं, ओठ दातांखाली धरले. तिचं पटलं का? नाही पटलं. पण तिचं म्हणणं आता मी तिच्या शब्दांत सांगू शकते, निवृत्त बाई, आणि सांगून दाखवलं. ती म्हणाली, हो, हेच.

मग तिने मला विचारलं, "मावशी, मी बाळ होते तेव्हा माझ्या वतीने तू नक्की काय वचन दिलं होतंस? मला कधी कोणी वाचून दाखवलं नाही."

मला सगळं तोंडपाठ आठवेना. बुधवारी संध्याकाळी ती घरी येणार आहे. आत्ता कपाटातून जुनं उपासनेचं पुस्तक काढून ठेवलं. पानात तिच्या बाप्तिस्म्याच्या दिवसाचं कार्ड अजून आहे.